नेव्हिलचे तीन गोल आणि आपली वही

 

आज आम्ही तुम्हाला एका फुटबॉल खेळाडूची गोष्ट सांगणार आहोत. नाव नेव्हिल डिसोझा. मुंबईकडून खेळायचा, घराणं मूळचं गोव्याचं. खेळायचा फॉरवर्ड म्हणून. फॉरवर्ड म्हणजे संघात सगळ्यात पुढं राहून गोल करणारा खेळाडू. कबड्डीत चढाईला जाणारी जशी समोरच्यांच्या अंगणात शिरते, तसं फॉरवर्डचं काम. बाकीचे बॉल आणून देतात, मागचे आपला गोल राखतात, आणि फॉरवर्डनं बॉल जाळीत मारायचा.

तुम्ही म्हणाल, आमच्या बचत गटाला फुटबॉलचं काय? लोणचं-पापडाचं सांगा, नाहीतर कर्जाच्या हप्त्याचं सांगा. सांगू, तेही पुढच्या भागांत सांगूच. पण या गोष्टीत एक वही आहे, आणि वहीचं महत्त्व आपल्याइतकं कुणाला कळणार? बैठकीत दहा गोष्टी ठरल्या आणि इतिवृत्तात आठच लिहिल्या, तर सहा महिन्यांनी उरतात त्या आठच. राहिलेल्या दोन कुणी मानत नाही. बँकेचे साहेब तर नाहीच नाही. खेळाच्या इतिहासातही अगदी हेच झालं आहे. कुणाचं नाव लिहिलं गेलं, कुणाचं राहिलं, आणि त्यानं काय फरक पडला, हे आज बघू.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. पनवेलहून हार्बर लोकलमध्ये बसलं की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, आणि मग नेरूळ. नेरूळला हायवेच्या कडेला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. गाडीतून जाताना त्याचे उंच दिव्यांचे खांब तुम्ही पाहिले असतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथं सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची अंतिम लढत झाली. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाच्या मुलींना १-० असं हरवलं. त्याच मैदानावर तिसऱ्या नंबरासाठी जर्मनी आणि नायजेरियाच्या मुली भिडल्या. ३-३ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर नायजेरिया जिंकली. जगभरातल्या मुली आपल्या घरापासून लोकलच्या अंतरावर येऊन खेळून गेल्या. कुणी कितव्या मिनिटाला गोल केला, कुणाला पिवळं कार्ड मिळालं, सगळं लिहिलेलं आहे. अजून पन्नास वर्षांनी त्यांच्या नाती ते काढून वाचू शकतील.

आता तिथून मागं जाऊ. बरंच मागं, १९५६ सालात.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती मुलखाचं मिळून एक मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं होतं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते. आपला पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं. पनवेलला रेल्वे अजून यायची होती. आणि गोवा? गोवा तर भारतातच नव्हता. तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं, ते गेलं १९६१ च्या डिसेंबरात.

गोव्यातली कितीतरी माणसं पोटासाठी मुंबईत आली होती. कुणी बोटीवर खलाशी, कुणी बँडमध्ये वाजवणारे, कुणी स्वयंपाकी, कुणी कारकून. गावागावाच्या लोकांनी मिळून मुंबईत राहायच्या खोल्या घेतल्या होत्या, त्यांना कुड म्हणत. धोबी तलाव भागात अशा पुष्कळ कुडी होत्या. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या असायच्या ना, त्याच जातीची गोष्ट. या गोवेकरांनी येताना दोन गोष्टी सोबत आणल्या, गाणं आणि फुटबॉल. त्यामुळं मुंबईच्या फुटबॉल संघांच्या याद्या काढल्या तर त्यात डिसोझा, फर्नांडिस, डिमेलो अशी नावं भरपूर दिसतात.

त्या काळात मुंबईत फुटबॉल मोठा होता. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. ही स्पर्धा १८९१ पासूनची. सुरुवातीला इंग्रजांच्या पलटणीच जिंकायच्या. १९३७ साली बेंगलोरच्या मुस्लिम संघानं ती जिंकली आणि पहिल्यांदा आपल्या माणसांच्या संघाचं नाव कपावर आलं. राज्याराज्यांची स्पर्धा होती संतोष ट्रॉफी, ती मुंबईनं पहिल्यांदा १९५४ साली जिंकली. आजच्यासारखे करोडो रुपये मात्र खेळात नव्हते. मोठ्या कंपन्या, रेल्वे, गिरण्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या आणि आपल्या संघातून खेळवायच्या. खेळाडूचा मान असे, पण पगार चारचौघांसारखा. नेव्हिल डिसोझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. त्याचा जन्म १९३२ चा, म्हणजे १९५६ ला तो चोवीस वर्षांचा होता.

त्या वर्षी ऑलिम्पिक होतं ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरात. भारताचा फुटबॉल संघ निघाला आणि त्यात नेव्हिल होता.

आपला संघ तेव्हा कसा समजला जायचा, तेही सांगायला हवं. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. फ्रान्सनं २-१ असं हरवलं, पण खेळ पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९५२ ला फिनलंडमधल्या हेलसिंकीत थंडी, ओलं गवत, आणि आपले बहुतेक खेळाडू पुन्हा अनवाणी. युगोस्लाव्हियानं १०-१ असा मार दिला. मग बूट घालूनच खेळायचं असं ठरलं. ज्यांचे पाय लहानपणापासून मातीत उघडे पळालेले, त्यांना बुटात बॉल मारणं नव्यानं शिकावं लागलं.

हे शिकवणारे होते सय्यद अब्दुल रहीम. मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी आलेला अजय देवगणचा 'मैदान' सिनेमा तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल, तो याच रहीमसाहेबांवर आहे. त्यांचं म्हणणं असे की एकट्यानं बॉल घेऊन पळत सुटू नका, एकमेकांना पटापट द्या. गटात एकीनंच सगळं करायचं म्हटलं की गट बसतो, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक आहे. मास्तरांनी तेच मैदानावर शिकवलं.

मेलबर्नला पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडायची होती. पण हंगेरीत त्याच वेळी मोठा उठाव झाला, रशियाचे रणगाडे शिरले, आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढं चाल मिळाली. मग पुढचा सामना ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच देशात, त्यांच्याच माणसांसमोर. दिवस शनिवार, १ डिसेंबर १९५६.

९व्या मिनिटाला नेव्हिलनं गोल केला. भारत पुढं गेला. १७व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. ३३व्या मिनिटाला नेव्हिलनं दुसरा गोल केला. ४१व्या मिनिटाला मॉरोनं पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतराला २-२. घरच्या लोकांना वाटलं असणार, आता आपलीच पोरं भारी पडतील. दुसरा डाव सुरू झाला आणि ५०व्या मिनिटाला नेव्हिलनं तिसरा गोल मारला. एकाच सामन्यात एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की त्याला हॅटट्रिक म्हणतात. ८०व्या मिनिटाला कृष्णस्वामी किट्टूनं चौथा गोल घातला आणि भारत ४-२ असा जिंकला.

ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा आशिया खंडातला पहिला खेळाडू. आणि या विजयानं ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत, म्हणजे शेवटच्या चार संघांत पोचणारा भारत हा आशियातला पहिला देश.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, समोर युगोस्लाव्हिया. म्हणजे चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा तोच संघ. पहिल्या अर्ध्यात कुणालाच गोल करता आला नाही. दुसऱ्या अर्ध्यात ५२व्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा, आणि तो केला नेव्हिलनंच. काही मिनिटं भारत ऑलिम्पिकच्या फायनलच्या दारात उभा होता. पण युगोस्लाव्हियानं लगेच बरोबरी केली, मग आघाडी घेतली, आणि शेवटी आपण ४-१ असे हरलो. ब्राँझ पदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० असं हरवलं. भारताचा नंबर चौथा. पदक नाही. पण स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर चार-चार गोल करणारे तिघं निघाले. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा, आणि एक आपला नेव्हिल डिसोझा.

चौथा नंबर म्हणजे रिकामे हात. त्याच मेलबर्नमध्ये आपल्या हॉकी संघानं पाकिस्तानला १-० नं हरवून सोनं जिंकलं. साहजिकच कौतुक हॉकीचं झालं. भारतात तेव्हा टीव्ही नव्हता. दिल्लीत तो १९५९ ला आला आणि मुंबईत १९७२ ला. घरोघरी रेडिओही नव्हता. म्हणजे नेव्हिलचे ते गोल इथल्या कुणी पाहिलेच नाहीत. पेपरात छापून आलं तेवढंच.

पुढं काय झालं? देशातले मानाचे अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ पासून. पहिल्याच वर्षी फुटबॉलचा पुरस्कार मिळाला पी. के. बॅनर्जींना. तेही १९५६ च्या संघात नेव्हिलबरोबर होते आणि पुढंही खेळत राहिले. नेव्हिलला हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. आपल्याकडं ही काही एकच गोष्ट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव, १९५२ ला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारे. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

नेव्हिल डिसोझा १६ मार्च १९८० ला गेला. वय ४७. भारताचा फुटबॉल संघ १९६० नंतर ऑलिम्पिकला गेलाच नाही. १९८३ ला आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो आणि गल्लीबोळात क्रिकेट शिरलं. या शतकाच्या सुरुवातीला रोव्हर्स कपही बंद पडला. ज्यांनी कूपरेजवर नेव्हिलला खेळताना पाहिलं होतं ती माणसंही एकेक करून गेली.

मग आज आम्ही तुम्हाला ९वं मिनिट, ३३वं मिनिट, ५०वं मिनिट कसं काय सांगू शकलो? तर त्या दिवशी मैदानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. गोल कुणी केला, कधी केला. ऑलिम्पिकच्या दप्तरात ती ओळ गेली आणि राहिली. पदक नव्हतं, पुरस्कार नव्हता, चित्रफीत नव्हती. तेवढ्या एका ओळीच्या जोरावर आज सत्तर वर्षांनीही कुणाला म्हणता येत नाही की असं काही घडलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, आता याच वर्षातली दुसरी गोष्ट ऐका. १९५६ चीच. जागा जर्मनी.

जर्मनीच्या फुटबॉल मंडळानं १९५५ च्या जुलैत ठराव केला होता की आमच्या कुठल्याही क्लबनं बायकांचा फुटबॉल संघ ठेवायचा नाही, त्यांना मैदान द्यायचं नाही, पंच द्यायचे नाहीत. कारण काय, तर फुटबॉलनं बाईच्या शरीराला आणि मनाला इजा होते, आणि चारचौघांत असं अंग दिसणं बरं नाही. ऐकल्यासारखं वाटतंय ना? इंग्लंडमध्ये तर हे आधीच झालं होतं. तिथं १९२० च्या डिसेंबरात बायकांच्या एका सामन्याला ५३ हजार माणसं आली. वर्षभरानं, १९२१ मध्ये, तिथल्या मंडळानं बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. ती उठली १९७१ मध्ये. पन्नास वर्षं!

जर्मनीतल्या बायका गप्प बसल्या नाहीत. मंडळाचं मैदान नाही तर नगरपालिकेचं मागितलं, खासगी मागितलं. सप्टेंबर १९५६ मध्ये, म्हणजे नेव्हिलच्या हॅटट्रिकच्या दोनच महिने आधी, एसेन या कोळसा खाणींच्या शहरात जर्मनीच्या बायका हॉलंडच्या बायकांशी खेळल्या. बघायला सुमारे १८ हजार माणसं आली. जर्मनीच्या बायका २-१ नं जिंकल्या. त्यांच्याही संघात फॉरवर्ड होत्या, त्यांनीही गोल मारले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण आज जर्मन मंडळाच्या दप्तरात बघितलं तर जर्मनीच्या महिला संघाचा पहिला सामना कधीचा लिहिलाय? १० नोव्हेंबर १९८२ चा. बंदी १९७० ला उठली, आणि अधिकृत संघ उभा राहिला त्यानंतर बारा वर्षांनी. एसेनचा सामना आणि त्यानंतर झालेले कितीतरी सामने या मोजणीत येतच नाहीत. कारण ज्यांच्या हातात वही होती त्यांनीच त्या बायकांना बाहेर ठेवलं होतं.

नेव्हिलचा गोल आणि एसेनमधल्या बाईचा गोल, दोन्ही एकाच वर्षातले. बॉल तसाच, जाळी तशीच. एक गोल मोजला, दुसरा मोजला नाही.

वहीत नाव यायला लागल्यावर काय होतं तेही त्याच देशात दिसतं. १९८९ ला जर्मनीच्या महिला संघानं युरोपची स्पर्धा जिंकली. मंडळानं त्यांना बक्षीस काय दिलं माहीत आहे? कॉफीचा सेट! कपबश्या. आपल्याकडं हळदीकुंकवाला वाण देतात तसं. पण सामने अधिकृत झाले होते, नोंद होत होती, मुली क्लबात जायला लागल्या होत्या. १९९४ ला सोळा वर्षांची एक मुलगी जर्मनीकडून पहिला सामना खेळली, बिर्गिट प्रिन्झ तिचं नाव. तीही फॉरवर्ड. २०११ ला थांबली तेव्हा देशाकडून २१४ सामने आणि १२८ गोल तिच्या नावावर होते. २००३ आणि २००७ चे दोन वर्ल्ड कप. जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून सलग तीन वर्षं निवड. खेळ थांबवल्यावर तिनं मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि खेळाडूंच्या मनाची काळजी घेण्याचं काम धरलं. बाईच्या मनाला फुटबॉलनं इजा होते म्हणणाऱ्या देशात हे घडलं! २०२२ ला नेरूळला आलेल्या त्या जर्मन मुली हिचे सामने बघतच मोठ्या झालेल्या पिढीनंतरच्या.

आणि आपल्या बायकांचं काय? ऑलिम्पिकमध्ये बायकांचा फुटबॉल आला तो १९९६ ला, म्हणजे नेव्हिलनंतर चाळीस वर्षांनी. भारतात १९७५ साली महिला फुटबॉलची एक संघटना उभी राहिली. मुख्य फुटबॉल महासंघाशी तिचा संबंध नव्हता, ही आपली स्वतंत्र चालायची. पैसा नव्हता. त्या वेळच्या खेळाडूंनी पुढं मुलाखतींत सांगितलंय, रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करायचा, शाळेच्या वर्गात पथारी टाकायची, मिळेल ते खायचं. आणि तरी या मुलींनी काय केलं? १९८० ला केरळात कोझिकोडला आशियाई स्पर्धा झाली, भारताच्या मुली दुसऱ्या आल्या. १९८१ ला हाँगकाँगला तिसऱ्या आल्या. १९८३ ला बँकॉकला पुन्हा दुसऱ्या. त्यात बंगालची शांती मलिक होती. फॉरवर्ड! १९८३ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी हा पुरस्कार मिळालेली ती पहिली भारतीय बाई. त्यानंतर दुसऱ्या बाईला तो मिळायला २०१७ उजाडलं. ती मणिपूरची बेंबेम देवी.

महिलांचा फुटबॉल मुख्य महासंघाकडं आला तो १९९० नंतर. त्या आधीच्या पंधरा वर्षांतल्या सामन्यांचे कागद नीट एका जागी राहिले नाहीत. नेव्हिलच्या गोलांची मिनिटं सापडतात, पण त्यानंतर पंचवीस वर्षांनी आशियात दुसऱ्या आलेल्या आपल्या मुलींच्या गोलांची पूर्ण यादी जुळवायला अभ्यासकांना जुने पेपर आणि खेळाडूंच्या घरातले फोटो धुंडाळावे लागतात. त्या मुलींमध्ये आपल्या महाराष्ट्र-गोव्याच्याही होत्या. आज त्या साठी-सत्तरीत आहेत. कुणी आजी असेल, नातवंडांना सांगत असेल, आणि नातवंडं हसत असतील, आजी, तू आणि फुटबॉल?

२०२२ च्या त्या वर्ल्ड कपमधली आणखी एक बातमी तुम्हाला आठवत असेल. भारताच्या मुलींचे सामने भुवनेश्वरला झाले. तिन्ही हरल्या, पण वर्ल्ड कपच्या मैदानात भारताच्या मुली पहिल्यांदाच उतरल्या होत्या. कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली आदिवासी मुलगी. मुलगी कर्णधार झाली म्हणून तिच्या घराकडं जाणारा रस्ता करायला घेतला. आणि त्या रस्त्याच्या कामावर रोजंदारीला होते तिचेच आईवडील. पेपरात फोटो आला होता, आई डोक्यावर घमेलं घेऊन उभी. पोरीचं नाव जगाच्या दप्तरात गेलं, आणि त्याच वेळी तिच्या आईनं रस्त्यावर दगड-माती वाहिली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहून ठेवलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं. एकीचंच लिहिलं तर गोष्ट अर्धी राहते.

आता आपल्या गावाकडं येऊ. नुसतं ऐकून सोडून देण्यासाठी आम्ही ही गोष्ट सांगितली नाही.

आपल्या गटांमध्ये अशा किती बाया आहेत बघा, ज्या शाळेत असताना खो-खो, कबड्डी, लंगडी, धावण्याच्या शर्यती खेळल्या. कुणी तालुक्याला गेली, कुणी जिल्ह्याला. मग लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं, कुणाकुणाचं तर पहिलं नावही बदललं. शाळेच्या दप्तरात माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. ती खेळायची हे सासरी कुणाला ठाऊक नाही आणि माहेरी कुणाला आठवत नाही. नेव्हिलचं नाव निदान शेवटपर्यंत नेव्हिल डिसोझाच राहिलं. आपलं तसं नसतं, म्हणून आपली नोंद आपण जास्त काळजीनं ठेवायला हवी.

आणि हे काही नुसतं आठवणीपुरतं नाही. आजच्या मुलींसाठी खेळाचा कागद म्हणजे पोटापाण्याचा कागद आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धा कुठली, कोणत्या वर्षी, कुठं झाली, संघात नाव होतं का, नंबर कितवा आला, हे सगळं जुळावं लागतं. पावसाळ्यात छप्पर गळलं आणि प्रमाणपत्र भिजलं, की मुलीनं चार वर्षं गाळलेला घाम त्याच्याबरोबर गेला.

म्हणून आमची गटांना विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत दोनशे पानी वही आणा. बचतीची वही वेगळी, ही वेगळी. गटातली जी जी बाई लहानपणी खेळली, तिचं एक पान. वर माहेरचं पूर्ण नाव, खाली सासरचं. शाळा कुठली, गाव कुठलं, खेळ कोणता, संघात कोणत्या जागेवर खेळायची. साल नक्की आठवत नसेल तर आठवीत होते की नववीत, एवढं लिहा, साल मग काढता येतं. बरोबर कोण कोण खेळायचं त्यांची नावं लिहा, कारण त्या मैत्रिणी दुसऱ्या गावात आहेत आणि त्यांचं पान कदाचित कुणीच लिहिणार नाही. जुना फोटो असेल तर त्याच्या मागं पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडं नावं लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि शाळेत जाणाऱ्या मुलीनं लिहावं. हरलेले सामनेही लिहा. नेव्हिलचा संघ शेवटचे दोन सामने हरला होता, तेही लिहिलेलं आहे म्हणूनच आपल्याला पहिल्याची किंमत कळते.

आणि घरात आत्ता खेळणारी मुलगी असेल तर तिची एक फाईल करा. प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स, एक घरी आणि एक गटाच्या कपाटात. मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा. स्पर्धेहून आली की त्याच संध्याकाळी तिला विचारा, कुणाशी खेळलात, किती झाले, तुझे किती. ती सांगेल आणि तुम्ही तारीख टाकून लिहा. मुलगी खेळून आली आणि आईनं पहिला प्रश्न भांड्यांचा न विचारता गोलांचा विचारला, तर तिचंही बळ वाढेल.

आमच्या या गप्पाही हवेतच जातात बरं का. रेडिओवर बोललेलं ऐकलं की संपलं. म्हणून तर त्या छापायच्या ठरल्या, वाचून झाल्यावर शेजारच्या गटाला द्यायच्या ठरल्या. ज्या गटाची वही पाच पानं पुढं सरकेल त्यांनी आम्हाला कळवा. त्यातली पानं, ज्यांची त्यांची परवानगी घेऊन, आम्ही रेडिओवर वाचू. पुढच्या भागात बोलू पावसाळ्यातल्या भाज्यांच्या बियांबद्दल. तोवर वही आणि पेन जवळ ठेवा. नमस्कार.